मिशी गेली चौथीच्या परीक्षेत

चहा ओता आधी. कपात नको, बशीत. आणि हसायचं असेल तर माझं सांगून झाल्यावर हसा. मधेच हसलात तर मी उठून जाईन. मागे दगडूच्या ओट्यावरून असाच उठून गेलोय, विचारा कोणालाही.

गाढवपणा सगळेच करतात हो. पण माझ्या गाढवपणाची बरोबरी कोणी करून दाखवावी! त्या एका सकाळी माझ्यामुळं आख्खं गाव रडलं. एक धडधाकट माणूस गावासाठी मेला, दुसरा धडधाकट माणूस सरकारसाठी मेला, आणि ज्यानं परीक्षा दिलीच नाही तो नापास झाला. आता बोला!

माझं शिक्षण तिसरी. तेवढंही मास्तरांना माझ्या बापाची भीड म्हणून. तेव्हा बोलण्यात चुका सापडल्या तर मोजत बसू नका, पुढं ऐका.

आमचं गाव दोंडाईच्याच्या अलीकडं, नदीकाठी. शाळा लोकल बोर्डाची, पण खोली आमची. म्हणजे पूर्वी ती आमची कापसाची वखार होती. माझ्या बापानं, सारं गाव त्यांना आबा म्हणायचं, ती रिकामी करून शाळेला दिली. आबा स्वतः अंगठेबहाद्दर. पण शाळेच्या कमिटीचे मुख्य तेच, आणि शाळेचा अभिमान असा की पाव्हणा आला की आधी शाळा दाखवायची, मग पाणी विचारायचं. पाव्हणा घशाला कोरड पडून मेला तरी चालेल!

वर्षातून एकदा परीक्षेला डिप्टीसाहेब यायचे. सरकारी माणूस, घोड्यावरून यायचा. प्रत्येक इयत्तेला ठरलेलं वाचन, ठरलेलं गणित, ठरलेलं शुद्धलेखन. धुळ्याच्या पोराला जे, तेच आमच्या पोराला. धुळ्याच्या पोराला सकाळी उठून म्हशी सोडायच्या नसतात, कापूस वेचायचा नसतो, हे कोण विचारतो? एका सकाळी सगळा निकाल. मास्तर कामाचा का बिनकामाचा, शाळा राहणार का जाणार, सगळं त्या एका सकाळी! वर्षभर मास्तरांनी घसा कोरडा केला तो गेला नदीत वाहून.

मला तर तेव्हापासून वाटतं, ज्याला परीक्षा घ्यायची हौस आहे त्याला एकदा वेचणीच्या दिवसांत आमच्या गावात पोरं गोळा करायला लावावी. पण आपलं ऐकतो कोण.

तर मागच्या वर्षीचा डिप्टी जाताना ताकीद देऊन गेला होता. पुढच्या परीक्षेला चौथीत चार पोरं बसली पाहिजेत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पास झाली पाहिजेत. नाहीतर चौथीचा वर्ग बंद. पोरांनी चौथीसाठी नदीपलीकडच्या गावी जायचं. आणि नदीपलीकडचं गाव म्हणजे आबांच्या डोळ्यातलं कुसळ! पोळ्याला बैल कोणाचे चांगले, यावरून दोन गावांचं बोलणं तुटलेलं. त्या गावात आमची पोरं शिकायला जाणार? आबा म्हणायचे, त्यापेक्षा मी वखारीला काडी लावीन.

परीक्षा तोंडावर आली आणि नेमकी कापसाची विक्री निघाली. आबांना गाड्या घेऊन दोंडाईच्याला जावं लागलं. गाडीत बसताना मला जवळ बोलावलं. "नथ्थू, मास्तरले काय लागीन ते दे. ध्यानमा ठेव, शाळा गई ते तू बी गया समज."

म्हणजे शाळा गेली तर तूही गेलास असं समज. पोटच्या पोराला निरोप द्यायची ही आमच्या घरची रीत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मास्तर मळ्यात आले. मी तिथंच कापसाच्या राखणीला असायचो. मास्तर म्हणजे नुसती काठी, वरून कोट घातलेली. आले आणि बांधावर मटकन बसले.

"नथ्थू, बुडालो."

"काय झालं?"

"चौथीतला मोतीराम पिंपळनेरला गेला. लग्नाला."

"मग बोलावून घ्या. कोणाचं लग्न?"

"त्याचंच."

मोतीराम हा दगडूचा पोरगा, वय वर्षं बारा. मास्तरांनी म्हणे दगडूचे पाय धरले होते, की परीक्षा होऊ दे, मग ने. तर दगडू म्हणाला, "मास्तर, परीक्षा दरसाल येस. लगीन काय दरसाल येस?" दरसाल येते ती परीक्षा, लग्न नव्हे! आता हे खोटं कसं म्हणणार? घर बंद करून सगळे वऱ्हाडाबरोबर गेले.

चारातून एक गेला, उरले तीन. चौथी बंद. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. मी मागं वळून पाहिलं, कोणी उभं आहे का. कोणी नव्हतं.

"नथ्थू," मास्तर हळूच म्हणाले, "तुझी उंची काही फार नाही."

"मास्तर, मी एकोणीस वर्षांचा आहे!"

"नवीन साहेब आहेत. या गावात कोणाला ओळखत नाहीत. तू मागच्या ओळीत बसायचं. मोतीराम म्हणायचं. बाकीची तीन पोरं मी पास करून दाखवतो, तू फक्त बसायचं."

"आणि हे?" मी मिशीवर हात ठेवला.

मास्तर खाली मान घालून ढेकळं मोडत बसले.

माझी मिशी सांगतो तुम्हाला. आता हे पांढरं गवत बघताय त्यावर जाऊ नका. तेव्हा दोन्ही टोकं अशी वर उभी, की लिंबू ठेवा. तेल लावून लावून वाढवलेली. सोनगीरच्या बाजारात एका पैलवानानं थांबून विचारलं होतं, काय खातोस म्हणून. त्या मिशीवर पाणी सोडायचं म्हणजे काय थट्टा आहे? पण एकीकडं मिशी आणि एकीकडं आबा. मिशी पुन्हा उगवते. आबांनी घराबाहेर काढलं तर मी कुठं उगवणार?

पहाटे उठलो आणि मळ्यातून तडक भिका न्हाव्याच्या दारात. तांबडंही फुटलं नव्हतं. तेव्हा शाळेतल्या पोरांची डोकी तुळतुळीत आणि मागे शेंडी असायची. म्हणजे नुसती मिशी काढून भागणार नव्हतं.

"डोकं आणि मिशी," मी म्हणालो.

भिकानं हातातली वाटी खाली ठेवली. "मिशी बी?"

"मिशी बी."

"बठ्ठी?"

"हो, सगळी, बठ्ठी काढ. आणि हे बघ भिका, कोणाला बोलायचं नाही. माझ्या मायला तर मुळीच नाही. तिला मीच सांगेन, दुपारनंतर."

एरवी हा माणूस वस्तऱ्यापेक्षा जीभ जास्त चालवतो. त्या दिवशी गप्प. मधे मधे नाक ओढत होता. मला वाटलं पहाटेची थंडी. हजामत झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्याला उपरणं लावलं आणि म्हणाला, "धीर धर भाऊ."

मी मनात म्हटलं, काय माणूस आहे! माझ्या मिशीसाठी एवढा हळहळतो! परीक्षेला जाणाऱ्याला धीर देतो!

तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात ना? घ्या. तुमच्या ध्यानात आलं, माझ्या आलं नाही. आमच्याकडं बाप जिवंत असताना कोणी मिशीला वस्तरा लावत नाही. डोकं आणि मिशी एकदम उतरते ती एकाच कामाला, बापाला अग्नी दिल्यावर. हे दूधपित्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण त्या पहाटे माझ्या डोक्यात डिप्टी एवढा भरला होता की बापाला जागाच उरली नव्हती.

आणि भिका शब्दाचा पक्का. त्यानं कोणालाच सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. ती पाण्याला गेली.

मी शाळेत जाऊन बसलो तोवर आबा तीन प्रकारांनी मेले होते. विहिरीवरच्या बायकांत गाडी उलटून, पारावर बैलानं शिंग मारून, आणि खालच्या आळीत जिनिंगच्या यंत्रात सापडून. पोरगा रातोरात सगळं उरकून आला, मायला कसं सांगावं म्हणून मळ्यात लपून बसला, हे मात्र सगळीकडं सारखंच.

मला यातलं काही माहीत नाही. मी मागच्या ओळीत गुडघे पोटाशी घेऊन, मास्तरांनी आणून दिलेली टोपी कानापर्यंत ओढून बसलेलो. शेजारची तीन पोरं माझ्याकडं बघायला घाबरत होती. मला वाटलं, मास्तरांनी दम दिला असेल.

डिप्टीसाहेब आले. चष्मा, लांब कोट, बोलणं पुण्याकडचं, एकदम स्वच्छ. माणूस वाईट नव्हता. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुझे नाव काय, बाळ?"

बाळ! चार मणाचं पोतं एकट्यानं गाडीत टाकायचो मी.

"मोतीराम दगडू," मी म्हणालो. पण आवाज काय वस्तऱ्यानं निघतो? वखारीत घुमला नुसता.

साहेब दचकले. "आवाज असा का?"

"घसा बसलाय, साहेब," मास्तर चटकन म्हणाले. "पाढे म्हणून."

साहेबांनी शुद्धलेखन घातलं. मग गणित. अमुक भावानं इतका कापूस विकला तर हाती काय येईल? मी म्हटलं, हे आपलं काम! पाटी घेतली, हिशोब मांडला, त्यातून तोलाई काढली, हमाली काढली, दलालाची दलाली काढली, माल ओला म्हणून जी काटछाट करतात तीही काढली. शेजारच्या पोराचं उत्तर बघितलं तर माझ्या दीडपट. मी मनात म्हटलं, हा पोरगा शेतकऱ्याचा, आणि एवढंही कळत नाही?

तेवढ्यात बाहेर कालवा झाला. दारात माझा काका. हिरामणकाका, आबांचा सख्खा धाकटा भाऊ. मोठा जाडजूड माणूस, दारातला उजेडच अडला. त्यानं माझ्याकडं बघितलं. टोपी बघितली, ओठ बघितला, आणि डोक्यावरचं पागोटं काढून जमिनीवर आपटलं.

"आरे नथ्थू, काय व्हई गयं रे हाई! आन तू आठे शाळामा बठना?"

हे काय झालं, आणि तू इथं शाळेत बसलास, असं म्हणत धावत आला आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. माझ्या पाटीवर त्याच्या आसवांची धार. निम्मं शुद्धलेखन धुऊन गेलं. चुका होत्या त्या मात्र तशाच राहिल्या.

डिप्टीसाहेब उठले. "काय झाले? कोण हे?"

दारातून चार जण एकदम बोलले, "बाप गेला साहेब ह्याचा!"

अहो, तेव्हा माझा हात आपोआप ओठावर गेला. आणि तिथं काहीच नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, असा लख्ख, की त्या उजेडात मला दोंडाईच्याला बसलेले आबा दिसले, हातात चाबूक घेऊन.

आता करतो काय? "बाप जिवंत आहे" म्हणावं, तर मिशी का काढली? मिशी परीक्षेसाठी काढली म्हणावं, तर मोतीराम कुठला आणि नथ्थू कुठला? मास्तरांची नोकरी गेली, शाळा गेली, आबांच्या हिशोबानं मीही गेलो. आणि गप्प बसावं, तर बाप गेला! मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर आढ्याकडं बघत होते. जणू वखारीची कौलं त्यांनी आजच पाहिली.

"आणि हे 'नथ्थू' काय?" साहेबांनी विचारलं.

"घरचं नाव, साहेब," मास्तर आढ्यालाच म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले. "पित्याचे निधन झाले असता हा मुलगा परीक्षेस येऊन बसला! मास्तर, मी इतक्या शाळा पाहिल्या, पण..."

इथवर ठीक होतं. पण काका सावरला, उठला, आणि म्हणाला, "उठा रे पोरंहो. सुतक शे. भाऊकीनी बठ्ठी पोरे घर चला, आंघोळ करा."

अर्धं गाव आमच्या भाऊकीचं! पहिलीतली उठली, दुसरीतली उठली. चौथीतली दोन उठून पाट्या काखेत मारायला लागली. मास्तरांची नजर आता कुठं आढ्यावरून खाली आली. चेहरा असा, की सुतक त्यांनाच लागलंय.

आणि इथं मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं. पण चौथी डोळ्यांदेखत दारातून चाललेली!

"काका! पोरांना नेऊ नका!" मी उभा राहिलो. "त्यांचा शेवटचा शब्द हाच होता!"

सगळे थांबले.

"काय म्हणाले रे आबा?" काकानं विचारलं.

आता एकदा मारलाच आहे बाप, तर नीट मारावा. मी म्हणालो, "माझा हात धरला. म्हणाले, माझं काही होवो, पोरांची परीक्षा बुडवू नका. सुतक उद्यापासून धरा. आज शाळा."

वखारीत हुंदक्यांशिवाय आवाज नाही. काका छाती पिटत म्हणाला, "असाच होता माझा भाऊ! शाळेत जीव होता त्याचा!" आणि पोरांना एकेकाला दंडाला धरून परत बसवलं. "लिखा रे, लिखा! आबासाठी लिखा!" एक पोरगं उठायला लागलं तर त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली. सारं गाव वखारीबाहेर जमिनीवर बसलं, गुपचूप. पोरं अशी मन लावून लिहीत होती की त्याआधी कधी लिहिली नाहीत, नंतरही नाहीत. मलाच माझा अभिमान वाटायला लागला. आबांबद्दल तर इतकं वाईट वाटलं की मीही दोन टिपं गाळली.

पण घरात माय होती ना.

बायका तिच्याकडं पोचल्या होत्या, रडत ओरडत. एक म्हातारी तर बांगड्या फोडायला दगड घेऊनच आलेली. माझी माय म्हणजे साधी बाई नव्हे. तिनं मुसळ उचललं. म्हातारी पुढं, दगड टाकून पळतेय, माय मागं, आणि तिच्यामागं सगळ्या रडणाऱ्या बाया, अशी मिरवणूक शाळेच्या दारात.

"कोन म्हनस मना धनी ग्या? त्याले समोर आना! देखू कोनी देखा!"

माझा नवरा गेला असं कोण म्हणतं, कोणी पाहिलं, आणा समोर! सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मायनं मला बघितलं. मुसळ खाली आलं. तोंड पांढरं पडलं. "मिशी कोठे शे रे तुनी?"

तिचं ते तोंड बघवेना. बोलायला जावं तर समोर साहेब. काय करू? मी तिला डोळा मारला.

म्हणजे, काळजी करू नको, आबा बरे आहेत, अशा अर्थानं मारला. आता एका डोळ्यात एवढं सगळं मावेल असं मला का वाटलं, देव जाणे.

माय किंचाळली, "बाप मरी ग्या आन तू डोया मारस?" आणि मुसळ पुन्हा वर.

साहेब मधे पडले. "बाई, बाई! मुलाच्या मनावर आघात झाला आहे! डोळा फडफडतो आहे, पाहा ना!"

आणि तेवढ्यात नदीच्या बाजूनं घुंगरांचा आवाज आला.

आमच्या बैलांची घुंगरं आख्ख्या गावाला पाठ. बाहेर बसलेल्यांनी माना वळवल्या. आबा गाडी हाकत येत होते. भाव चांगला आला होता, माणूस मजेत गुणगुणत होता. समोर बघतात तर वखारीपुढं सारं गाव उघड्या डोक्यानं जमिनीवर. आबांना वाटलं शाळा बंद झाली! गाडीतून उडी टाकली आणि चाबूक घेऊनच आत.

काय सांगू तो देखावा! बायका एकमेकींच्या अंगावर पडत भिंतीला लागल्या. काकानं "भाऊ!" म्हणून जे तोंड उघडलं ते उघडंच. माय मुसळावर टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबला. रडत होती का हसत होती, ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"हे गृहस्थ कोण?" साहेब.

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं. डोकं बघितलं. ओठ बघितला. चाबकाच्या मुठीवरची बोटं पांढरी झाली. बाप जिवंत असताना पोरानं मिशी उतरवली! मग त्यांनी मास्तरांनी दिलेली टोपी बघितली. पाटी बघितली. चौथीची ओळ बघितली, त्यातली चार डोकी बघितली, साहेबांच्या हातातली लेखणी बघितली. मास्तरांनी दोन्ही हात जोडलेले. अंगठेबहाद्दर असले तरी माझे आबा, सगळं वाचलं त्यांनी, एका दमात.

"मी शाळेच्या कमिटीचा, साहेब," आबा सावकाश म्हणाले.

"बरे झाले आलात. या बिचाऱ्या मुलाचे वडील..."

"हो," आबा दातावर दात ठेवून म्हणाले. "ह्याला बाप नाही, साहेब. आजपासून तर मुळीच नाही."

"मग हे लोक इतके का घाबरले?"

मास्तर बिचारे जन्मात खोटं न बोललेले. पण त्या सकाळी त्यांची जीभ सुटलीच होती. म्हणाले, "वारले त्यांचे हे थोरले बंधू, साहेब. दोघे अगदी सारखे दिसत. लोकांना वाटलं, तेच आले."

असे माझे आबा स्वतःचेच थोरले भाऊ झाले. काकाचं तोंड अजून उघडंच होतं. आबांनी चाबकाच्या मुठीनं त्याची हनुवटी वर करून ते मिटवलं. "गप बठ."

निकाल साहेबांनी तिथंच सांगितला. चौथीची तिन्ही पोरं पास! शाळेच्या पुस्तकात त्यांनी शेरा लिहिला, की या गावासारखी शिक्षणाची आवड आपण कुठं पाहिली नाही, चौथी इथंच राहावी. मास्तर रडले, काका रडला, सगळे आपापल्या कारणानं रडले.

मग साहेब माझ्याजवळ आले. पाठीवर हात ठेवला. खूप अवघडले होते.

"मोतीराम, मी फार प्रयत्न केला. पण तुझे गणित, तुझे शुद्धलेखन... पुढच्या वर्षी पुन्हा बस, बाळ."

बाप मेलेला असूनही नापास! जगात असा कोणी आहे का, सांगा!

साहेबांचा घोडा नदीपार होईपर्यंत आबा थांबले. मग चाबूक घेऊन माझ्यामागं मळ्यापर्यंत धावले. मी पुढं, आबा मागं, आणि माझं तुळतुळीत डोकं उन्हात चमकत असल्यामुळं कुठंही लपलो तरी त्यांना लांबून दिसायचं. मिशी फुटेपर्यंत मला जेवण गोठ्यात. मायनं आबांच्या आयुष्यासाठी मारुतीला नारळ फोडला, तोही माझ्याच हातून, आणि वरून माझ्याच टाळक्यावर दोन चापट्या.

आणि दगडू? तो वाजत गाजत वऱ्हाड घेऊन परतला. मास्तरांनी त्याला सगळं खरं सांगितलं. शेऱ्यात तळाशी एक ओळ होती, मोतीरामचे वडील दगडू यांच्या निधनाबद्दल साहेबांना दुःख झाल्याची. दगडूनं ती दोनदा वाचून घेतली. मग अंगावरच्या हळदीसकट शाळेच्या दारात उभा राहून ओरडला, "मी मरी गऊ आन मना पोऱ्या नापास! आरे, मी कराले काय गयथू, लगीन का श्राद्ध?"

मोतीराम पुढं चांगला शिकला, आमच्याच गावात मास्तर झाला. पण मला बघितलं की अजून तोंड फिरवतो. चौथीत त्याला एक वर्ष जादा काढावं लागलं ना, बायको घरात असताना.

आबा त्यानंतर खूप वर्षं जगले. गेले ते पिंपळनेरला, बहिणीच्या घरी, झोपेत. मी तिथंच होतो. तिथंच अग्नी दिला, तिथंच डोकं आणि मिशी उतरवली, आणि एकटा गाडी हाकत गावी आलो. रस्ताभर डोळ्यांना धार.

वेशीत पारावर हिरामणकाका बसलेला. म्हातारा झालेला, पण डोळे शाबूत. त्यानं माझं डोकं बघितलं, ओठ बघितला. आजूबाजूची माणसंही बघायला लागली. कोणी रडेना. मी गाडीतून उतरलो, काकाच्या पायावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून सांगितलं, काका, आबा गेले.

काकानं मला उठवलं. इकडंतिकडं बघितलं, कोणी साहेब तर आसपास नाही ना. आणि माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला,

"रडस भारी! पन यंदा कितवीले बठना, ते सांग!"